त्याच जातीचा कण

उन्हाळ्यात पाहुणे यायचे असले की पाण्याच्या बंद बाटल्या फ्रीझरमध्ये जातात. त्यातली एखादी मागे राहते. दोन-तीन तासांनी आठवण होते आणि आता तिचा दगड झाला असेल म्हणून आपण ती घाईघाईने बाहेर काढतो. आत पाणी पातळच असतं. बाटली ओट्यावर जरा जोरात टेकते. पाण्यात एक पांढरी रेघ उमटते, तिला फाटे फुटतात आणि बघता बघता बाटलीभर बर्फाचा भुगा होतो. घरातली मुलं ‘पुन्हा कर ना’ म्हणून मागे लागतात. पुन्हा ते जमतंच असं नाही.

पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठतं, असं आपण शाळेत पाठ केलं. खरं तर पक्की गोष्ट उलटी आहे. साधा बर्फ शून्य अंशाला वितळतो, त्यात सूट नाही. पाण्याला मात्र शून्यावर गोठायची नुसती मुभा मिळते. ती त्याने लगेच वापरली पाहिजे अशी सक्ती नसते. स्वच्छ, संथ पाणी शून्याखाली पाच-दहा अंश उतरूनही पातळ राहू शकतं. त्याला अतिशीत पाणी म्हणतात. ढगातले अगदी बारीक आणि शुद्ध थेंब तर उणे ३८ अंशांच्या आसपास पोचेपर्यंत तग धरतात. म्हणजे थंडी पुरेशी आहे, वेळ पुरेसा आहे, पाणीही तयार आहे, आणि तरी काही घडत नाही.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट नोंदवली ती फॅरनहाइटने. तापमापकावरचं त्याचं नाव आपल्याला तापाच्या दिवसांत आठवतं. मार्च १७२१ मध्ये त्याने काचेच्या एका लहान गोळ्यात पावसाचं पाणी घेतलं, आतली हवा काढली, तोंड बंद केलं आणि रात्रभर तो कडाक्याच्या थंडीत ठेवला. थंडी होती त्याच्याच मापाने १५ अंश, म्हणजे सेल्सिअसमध्ये उणे नऊच्याही थोडी खाली. पहाटे बघतो तर पाणी पातळ. त्याने गोळ्याचं टोक मोडलं, आणि क्षणात आत बर्फाच्या काड्या पसरल्या. हवा आत शिरल्यामुळे हे झालं असं त्याला वाटलं. पुढे असाच एक गोळा हातात घेऊन जाताना जिन्यात त्याचा पाय अडखळला. गोळा फुटला नाही, तोंड बंदच होतं, तरी आतलं पाणी बर्फाने गढूळ झालं. हवेचा संबंध नाही, धक्काही पुरतो, हे त्याला एका अडखळण्याने दाखवलं. १७२४ मध्ये त्याने हे सगळं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापलं, जिन्यातल्या ठेचेसकट. ठेच लपवली नाही म्हणून मला हा माणूस आवडतो.

पाणी अडतं कुठे? पाण्याचा एक रेणू आजूबाजूच्या चार रेणूंशी जोडला जाऊ शकतो. पातळ पाण्यात या जोडण्या सतत तुटतात आणि नव्याने होतात. बर्फात त्या ठरलेल्या षटकोनी रचनेत टिकून राहतात. शून्याखालच्या पाण्यात कुठे ना कुठे थोडे रेणू योगायोगाने त्या रचनेत येतात. तेवढ्यापुरता बर्फाचा एक सूक्ष्म अंकुर जन्माला येतो. पण घोळका लहान असला की त्यात मधले थोडे आणि काठावरचे जास्त. काठावरच्या रेणूची बाहेरची बाजू पाण्याकडे असते, तिथे त्याला धड आधार मिळत नाही. त्यामुळे अंकुर विरघळतो. दुसरीकडे नवा होतो, तोही विरघळतो. पाणी बाहेरून स्वस्थ दिसतं तेव्हा आत हा खटाटोप अखंड चालू असतो.

या अंकुराला एक ठरावीक आकार गाठावा लागतो. तो गाठला की मागे वळणं नाही. मग प्रत्येक नवा रेणू जोडला जाणं सोपं होत जातं. हा आकार मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागांत मोजावा इतका इवलासा असतो. पण त्याच्या अलीकडे विरघळणं आहे आणि पलीकडे वाढणं. आणि अंकुराला टेकायला एखादा पृष्ठभाग मिळाला, धुळीचा कण किंवा भांड्यावरचा चरा, तर तेवढंही जमवावं लागत नाही. एक बाजू टेकलेली असते, म्हणून थोड्या रेणूंतही काम भागतं.

आता आपली रखडलेली कामं आठवा. आजीची औषधं एका जागी लावायची आहेत. विम्याचा फॉर्म भरायचा आहे. गावच्या मामांना फोन करायचा आहे, दिवाळीपासून राहिलाय. यातलं एकही काम अवघड नाही. इच्छा आहे, वेळही काढता येईल, मनातून रोज एकदा ‘आज करूया’ येतं. आणि विरतं. आपण स्वतःला आळशी म्हणून मोकळे होतो. मला वाटतं, बहुतेक वेळा ते खरं नसतं. मनात अंकुर रोज येतो. त्याला टेकायला जागा मिळत नाही, एवढंच. जो माणूस इच्छाच करत नाही त्याची गोष्ट वेगळी. पण ज्याला रोज रुखरुख लागते त्याच्यात थंडी पुरेशी आहे. त्याने आणखी थंडी वाढवून, म्हणजे स्वतःला आणखी बोल लावून, फारसं साधत नाही.

कण कुठलाही चालतो का? यावर एक छान गोष्ट आहे. अमेरिकेत शेनेक्टडी गावी जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत व्हिन्सेंट शेफर काम करत. घरच्या अडचणीमुळे त्यांची शाळा लवकर सुटली होती. यंत्रशाळेत उमेदवारी करत ते वर आले आणि नोबेल विजेते अर्व्हिंग लँगम्युअर यांचे मदतनीस झाले. विमानाच्या पंखांवर बर्फ का धरतो, ढगात बर्फ कसा होतो, हे प्रश्न तेव्हा महत्त्वाचे होते. शेफर यांनी घरगुती वापराचा एक फ्रीझर घेतला, त्याला आतून काळं मखमल लावलं आणि त्यात नुसता श्वास सोडला. श्वासातल्या वाफेचं धुकं झालं. फ्रीझरमध्ये शून्याच्या बऱ्याच खालची थंडी, तरी धुक्याचे थेंब पातळच. प्रकाशझोतात ते स्पष्ट दिसत. मग शेफर त्यात एकेक पूड टाकून बघू लागले. मीठ टाकलं, शंखजिऱ्यासारखी पूड टाकली, काजळी टाकली. काही होईना.

जुलै १९४६ मधल्या एका उकाड्याच्या दिवशी फ्रीझर पुरेसा गार राहीना. तो गार करायला त्यांनी कोरड्या बर्फाचा, म्हणजे गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडचा तुकडा आत ठेवला. त्याबरोबर सगळा फ्रीझर लुकलुकत्या स्फटिकांनी भरून गेला. कोरडा बर्फ उणे ७८ अंशांचा. त्याच्या आसपासचे थेंब इतके गार झाले की त्यांना आधाराची गरजच उरली नाही. त्या वर्षीच्या १३ नोव्हेंबरला शेफर विमानातून मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट ग्रेलॉकजवळच्या एका ढगावर गेले आणि कोरड्या बर्फाचा चुरा टाकला. ढगाखालून बर्फ भुरभुरला, जमिनीवर पोचण्याआधीच हवेत विरलाही. लँगम्युअर खालून बघत होते. त्यांना कोण आनंद झाला!

पण मला शेफर यांच्या सहकाऱ्याची गोष्ट जास्त जवळची वाटते. बर्नार्ड व्हॉनेगट त्यांचं नाव. कादंबरीकार कर्ट व्हॉनेगट हे त्यांचे धाकटे भाऊ. बर्नार्ड यांनी दिसेल ती पूड टाकून पाहण्याऐवजी वेगळा विचार केला. ज्या पदार्थाची आतली बांधणी बर्फासारखी असेल, त्याच्यावर पाण्याचे रेणू सहज बर्फाच्या रचनेत बसतील. त्यांनी स्फटिकांच्या मोजमापांचे तक्ते चाळले. सिल्व्हर आयोडाइड हा पदार्थ मापाने बर्फाच्या अगदी जवळचा निघाला. त्याचा धूर धुक्यात सोडला आणि उणे पाच अंशांच्या सुमारासच बर्फ धरू लागला. सिल्व्हर आयोडाइड थंडी वाढवत नाही. आल्या रेणूला ‘इथे असं बस’ एवढंच सांगतो. निसर्गात हे काम एक जिवाणूही करतो. स्यूडोमोनास सिरिंजी नावाचा हा जिवाणू झाडांच्या पानांवर राहतो. त्याच्या अंगावरच्या प्रथिनावर पाण्याचे रेणू अशा काही रांगेत लागतात की उणे दोन अंशांनाच पानावर बर्फ धरतो.

आपल्याकडे पावसासाठी ढगात क्षार फवारण्याचे प्रयोग सोलापूर भागात झाले, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केले. तिथले ढग उबदार होते, म्हणून कणही वेगळे घेतले, पाणी ओढून घेणारे. सह्याद्रीवरच्या ठेंगण्या ढगांना तर पाऊस पाडायला बर्फ लागतोच असं नाही. ज्या ढगाला जो कण लागतो तो त्याला द्यावा लागतो. मिठाने जिथे काम होतं तिथे मीठच बरं.

आपण सुरुवात करतो तेव्हा इथेच गफलत होते. लिहायचं ठरलं की छान वही आणतो. चालायचं ठरलं की बूट आणतो. योगासनांसाठी चटई येते, स्वयंपाकघर आवरायचं तर डबे येतात. खरेदी वाईट नाही, मलाही वह्यांचं वेड आहे. पण वही ही लिहिण्याच्या जातीची वस्तू नाही. ती शेफर यांच्या पुडीसारखी पडून राहते. लिहिण्याच्या जातीचं असतं लिहिलेलं वाक्य, मग ते अर्धं का असेना. चालण्याच्या जातीचं असतं बिल्डिंगच्या फाटकापर्यंत जाऊन परत येणं, घरच्या चपला घालून. मामांच्या फोनच्या जातीचा असतो ‘मामा, रविवारी सकाळी फोन करतेय’ हा एका ओळीचा निरोप. फॉर्मच्या जातीचं असतं पहिल्या रकान्यात लिहिलेलं नाव. एवढंसं काम, पण त्याची बांधणी पुढच्या कामासारखीच असते. पुढचं वाक्य, पुढचं पाऊल, पुढचा रकाना त्याला आपोआप येऊन लागतो.

आणि हा कण टाकायची सगळ्यात सोपी वेळ म्हणजे आदली रात्र. घर चालवणाऱ्या बायकांना हे कोणी शिकवावं लागत नाही. रात्री झोपायच्या आधी मटकी भिजत पडते. सकाळी डोळे चोळत स्वयंपाकघरात गेलं की आज काय करायचं हा प्रश्न अर्धा सुटलेला असतो. पोळ्यांची कणीक मळलेली नसेल, भाजी चिरलेली नसेल, पण भिजलेली मटकी समोर आहे. ती आता उसळ झाल्याशिवाय राहत नाही. हीच सवय बाकीच्या कामांना लावता येते. ऑफिसातून निघताना उद्याच्या पत्राची पहिली ओळ टाईप करून ठेवावी. मुलाने दप्तर भरण्याआधी उद्याच्या धड्यातलं पहिलं गणित मांडून ठेवावं, सोडवलं नाही तरी चालेल. सकाळचं आपलं मन फारसं शूर नसतं. त्याला कोऱ्या कागदासमोर उभं करण्यापेक्षा, सुरू झालेल्या ओळीसमोर उभं केलेलं बरं.

एक सावधगिरी मात्र घ्यावी. कण थोडे टाकावेत, शक्यतो एकच. जपानमध्ये साप्पोरोच्या होक्काइदो विद्यापीठात उकिचिरो नाकाया नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते. ते तिथे गेले तेव्हा त्यांच्या मूळ विषयासाठी लागणारी साधनं तिथे नव्हती. बर्फ मात्र मुबलक. त्यांनी बर्फाचाच अभ्यास सुरू केला. आकाशातून पडतो तसा हिमस्फटिक प्रयोगशाळेत वाढवायचा, असं त्यांनी मनावर घेतलं. थंड खोलीत वरून धागा सोडायचा, खालून कोमट पाण्याची वाफ येऊ द्यायची. रेशीम वापरून झालं, कापूस वापरून झाला, लोकर झाली. स्फटिक सुटा वाढेना. धाग्यावर सगळीकडेच बर्फ धरे आणि सुरवंटासारखी केसाळ दोरी तयार होई. शेवटी सशाचा केस कामी आला. त्या केसाला नैसर्गिक तेलकटपणा असतो, त्यामुळे बर्फाला बसायला मोजक्याच जागा मिळतात. १२ मार्च १९३६ रोजी त्यावर पहिला सुटा, सहा पाकळ्यांचा स्फटिक वाढला. आपल्या देवघरात दोऱ्याची खडीसाखर असते ना, तिच्यातला दोरा हेच काम करतो. सगळ्या पाकाला तो एक जागा दाखवतो, म्हणून खडे मोठे होतात. सोमवारपासून लवकर उठणं, साखर सोडणं, इंग्रजी सुधारणं आणि कपाट आवरणं, असं चार जागी एकदम सुरू केलं की कापसाच्या धाग्यासारखं होतं. सगळीकडे थोडं थोडं धरतं, आकार कशालाच येत नाही.

नको असलेले कणही असतातच. सकाळी कोणाचा तरी एक शब्द लागतो. बस चुकते, चहा गार होतो. दिवसभर त्याच्यावर थर चढत जातात आणि संध्याकाळी घरी येताना हातात चांगली गार असते. आकाशातली गारही अशीच होते. ढगातल्या वर चढणाऱ्या वाऱ्यात एखादा बर्फाचा कण तरंगत राहतो, अतिशीत थेंब त्याच्यावर आपटून गोठत जातात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा आणि विदर्भाने अशा गारांचा मार खाल्ला. उभा गहू, द्राक्षं, डाळिंबं झोडपली गेली.

मनातल्या नको असलेल्या कणांवर उपाय अंटार्क्टिकातल्या माशांकडे आहे. तिथल्या समुद्राचं पाणी खारं, म्हणून ते उणे १.९ अंशांपर्यंत पातळ राहतं. माशाच्या रक्तात मीठ त्याहून कमी. त्या पाण्यात त्याचं रक्त गोठायलाच हवं, आणि पाण्याबरोबर बर्फाचे कणही पोटात जातात. तरी मासा पोहतोय. १९६० च्या दशकात मॅकमर्डो तळावर काम करताना आर्थर डीव्रीज यांना याचं कारण सापडलं. या माशांच्या रक्तात एक खास प्रथिन असतं. ते बर्फाच्या कणाला जाऊन चिकटतं आणि त्याला मोठा होऊ देत नाही. कण आत आलाच नाही पाहिजे, असा माशाचा आग्रह नसतो. आल्या कणावर दुसरा रेणू बसू द्यायचा नाही, इतकंच तो बघतो. लागलेला शब्द लागू द्यावा. त्याच्यावर जुन्या आठवणींचे थर चढवू नयेत. एवढं रोज जमलं तर संध्याकाळ पुष्कळ हलकी जाते. माशाला हे जन्मतः येतं, आपल्याला सरावाने येईल.

आता कामाच्या कणाकडे परत येऊ. कारण तो टाकल्यावर जे होतं त्याबद्दल फारसं कोणी सांगत नाही, आणि बरीच माणसं तिथेच खचतात. अतिशीत पाण्यात बर्फ धरला की तो केवढ्या वेगाने धावतो! पण गोठताना पाणी उष्णता बाहेर टाकतं. एक ग्रॅम पाणी गोठलं की सुमारे ८० कॅलरी. या उष्णतेने आजूबाजूचं पाणी लगेच कोमटतं, म्हणजे शून्याकडे चढतं. पाणी उणे आठ अंशांवर असेल, तर पहिल्या झटक्यात त्याचा साधारण दहावा हिस्सा गोठतो. तेवढ्यानेच सगळं पाणी शून्यावर येतं आणि धावपळ थांबते. उरलेले नऊ हिस्से मग सावकाश गोठतात. उष्णता बाहेर जाईल तेवढाच बर्फ वाढतो, त्याहून एक कणही जास्त नाही. बर्फाच्या फांद्यांची टोकं पुढे धावतात तीही याच कारणाने. टोकाभोवती गार पाणी मोकळं असतं, उष्णता पसरायला जागा असते. दोन फांद्यांच्या बेचक्यात कोमट पाणी कोंडलेलं, म्हणून तिथली वाढ मागे राहते.

गुढीपाडव्याला केलेल्या संकल्पाचा आठवडाभर जो उत्साह असतो, तो हा दहावा हिस्सा. तो ओसरतो तेव्हा आपल्याला वाटतं, आपण कच्चे, आपल्यात दम नाही. तसं काही नसतं. सुरुवातीनेच ऊब सोडलेली असते. घरच्यांच्या वेळा बदललेल्या असतात, अंग दुखत असतं, बाकीची कामं मागे पडलेली असतात. ती ऊब बाहेर जायला वेळ लागतो. त्या काळात जोर लावून वाढ होत नाही. रोज थोडी ऊब बाहेर जाऊ द्यायची, थोडी झोप घ्यायची, घरात बोलून वेळा जुळवायच्या. या दिवसांत पाण्यात तापमापक घालून बसलात तर काटा शून्यावर गप्प असतो. तासभर बघा, तो हलणार नाही. शेवटचा थेंब गोठेपर्यंत तो तसाच राहतो. आणि बहुतेक बर्फ होतो तो याच वेळात.

आमच्या शेजारच्या काकूंनी निवृत्तीनंतर पेटी शिकायला घेतली. पहिल्या आठवड्यात एका भजनाचा मुखडा बोटांत बसला. काकूंनी तो जिन्यात भेटेल त्याला वाजवून दाखवायचं आमंत्रण दिलं. नंतर कित्येक महिने गाणं नाही, नुसते अलंकार. सा रे ग, रे ग म. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या म्हणून सकाळी साडेसहाला वीस मिनिटं, रोज. त्यांची एक युक्ती मला फार पटली. रात्री झोपताना त्या पेटी झाकून ठेवत नाहीत. कापड बाजूला, भाता सोडवलेला, आणि समोर वहीचं उद्याचं पान उघडं. सकाळी उठून चूळ भरली की पेटी पुढ्यातच असते. मधे एकदा त्यांनी विचारलं, काही फरक वाटतो का हो ऐकताना. मी खरं ते सांगितलं, की मला संगीतातलं कळत नाही, पण हल्ली त्यांचा ‘रे’ चुकला की माझा चहा घेता घेता हात थांबतो. काकू खूश झाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी विसाची पंचवीस मिनिटं केली आहेत.